चेन लोंबली पाहिजे

तव्यावरच्या कड्या वितळल्या होत्या. मी धावत घरात आले तेव्हा चुलीत जाळ भडकला होता आणि तव्याच्या मधल्या खोलगट जागेत चांदीच्या रंगाचं पाणी साचलं होतं. कडेच्या दहा-पंधरा कड्या अजून कड्यांसारख्या दिसत होत्या. बाकी गेल्या. मी पदराने धरून तवा उतरवला. हात भाजला ते नंतर कळलं. मागं वळले तर दारात माझा मुलगा उभा. अशोक. मूल गावच्या बाजारातून आला होता, हातात भोकं पाडायच्या बारीक सुयांची पुडी. त्याने तव्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पुडी खिडकीत ठेवली आणि अनवाणीच तळ्याच्या, बोडीच्या वाटेने शेताकडे निघाला.

साडेपाच वाजले होते. आमच्या धानाच्या बांध्यांच्या बाजूला वाघ आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पंधरा दिवसांआधी शेजारच्या गावची एक बाई गवत कापताना त्याने नेली होती. वनवाले गाडीवर भोंगा लावून सांगून गेले होते, एकटं जाऊ नका, दिवस कलल्यावर जाऊच नका. त्या महिन्यात असा एकटा माणूस शेताकडे निघाला तर त्याचे दोनच अर्थ. एक तर तो प्यालेला आहे, नाहीतर त्याला परत यायचं नाही. अशोक पीत नाही.

आज पुन्हा तोच महिना आहे. हलकं धान निघालं, भारी धान उभं आहे. सकाळपासून पलीकडच्या बांधीत चेनवाला हार्वेस्टर चालू आहे. ओल्या बांधीत चाकाचं मशीन रुततं म्हणून पट्ट्यावर चालणारं आणतात. गावात त्याला नुसतं चेन म्हणतात. "उद्या चेन कोणाकडं आहे?" असं विचारतात. पूर्वी कापणी म्हणजे विळ्यांची खर्रखर्र आणि बायकांच्या चहाड्या. बांधीभर कापलेल्या धानाचा कडपा पसरलेला, त्याचा कच्चा गोडसर वास, पायाला टोचणारं धसकट. आता सकाळी उभं असलेलं धान दुपारी पोत्यात असतं. मला त्याचं काही दुःख नाही. विळ्याने माझी दोन बोटं कापली, वाकून वाकून कंबर गेली. मशीन चांगलं. फक्त ते वळताना खाली जो आवाज करतं, तो ऐकला की मला तवा आठवतो.

अशोक फौजेत रणगाडा चालवायचा. भरतीच्या मैदानावर त्याला बिमल भेटला. बिमल मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावचा. धावताना दोघं पुढं-मागं होते, मग वीस वर्षं तसेच राहिले. शेवटची सहा वर्षं तर एकाच गाडीत. गाडीत तीन माणसं असतात. पुढं खाली चालवणारा, तो अशोक. वर तोफेवर बिमल. आणि त्यांचा साहेब. सुट्टीत बिमल दोनदा आमच्याकडे येऊन राहिला. मला माशीमा म्हणायचा, त्यांच्यात मावशीला तसं म्हणतात. मी बोडीतली मासळी रांधली तर ताटात बोट फिरवून विचारायचा, "माशीमा, मिरची तर भेटली. मच्छी कुठी आहे?"

"मच्छी पायजे तर आपल्या मायच्या घरी जा," मी म्हणायची. आणि अजून एक तुकडा वाढायची.

पुढचं अशोकने मला एका दमात कधीच सांगितलं नाही. भाकरी खाताना एक तुकडा, बैल धुताना एक तुकडा, असं मिळालं. वाळवंटात सराव चालू होता. वळताना गाडीची एका बाजूची चेन उतरली. रणगाड्याची चेन म्हणजे लोखंडाच्या कड्या, एक एक कडी माणसाने दोन हातांनी उचलावी अशी, नव्वदच्या वर कड्या सळयांनी ओवलेल्या. उतरली की जमिनीवर लांब पसरवतात आणि गाडी हळूहळू तिच्यावर चढवतात. समोर एक जण उभा राहून हाताने खुणा करतो. आतल्याला बारीक फटीतून तेवढाच माणूस दिसतो. समोर बिमल होता. आत अशोक. गाडीने एक हिसका खाल्ला.

चौकशी झाली. कोणाचा दोष नाही असं कागदावर आलं. अशोक पेन्शन घेऊन घरी आला. कागदावर आलं ते त्याच्या अंगाला काही लागलं नाही.

दोन वर्षं तो ओट्यावर बसून राहिला. त्याची बायको वनिता अंगणवाडीत जाते, तिने घर चालवलं. शेत मी पाहिलं. तो जेवायचा, अंघोळ करायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. मी मेलेली माणसं पुष्कळ पाहिली, पण उठून जेवायला बसणारा मेलेला माणूस तोच पाहिला. मुलचेऱ्याला बिमलच्या आईकडे तो एकदाही गेला नव्हता. मी नाव काढलं की उठून गोठ्यात जायचा. नागपूरच्या डॉक्टराने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हाताला काम द्या. वनिताने मोबाइलवर शोधून एक खोकं मागवलं. आत प्लास्टिकचे बारीक तुकडे, चिकटवले की त्याच्या गाडीसारखा रणगाडा होतो. एक वीत लांब.

वनिताला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही. दुसऱ्या दिवशी मी धान पाखडायला बसले तर तो खिडकीपाशी कागद पसरून बसला होता. गावात हसले. शेजारचा किसनभाऊ रोज जाता जाता विचारायचा, "फौजी, कधी हल्ला करतं? तहसीलवर पयले कर जो." अशोक मान वर करत नव्हता. पण मला एवढं दिसलं की दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला कशाची तरी घाई होती.

सगळं जुळलं आणि चेनवर येऊन अडलं.

खोक्यात काळ्या रबराचे दोन पट्टे होते. चाकांवर चढवले की ताणून बसतात. मला तर पोरांच्या चड्डीचं इलास्टिक वाटलं. अशोकने चढवले, पाहिले, उतरवले. पुन्हा चढवले.

"काऊन? बसलं तं," मी म्हटलं.

"चेन अशी नसते, आई. चेन लोंबते. वरच्या चाकांच्या मधात थोडीशी लोंबते. अन् ती फिरली पायजे."

मग वेगळ्या चेना मागवायचं सुरू झालं. खेळण्याच्या कंपनीच्या नाहीत, दुसरेच लोक नुसत्या चेना बनवतात. मला वाटलं होतं एक मागवेल, लावेल, संपेल. महिनाभर तेच. रात्रंदिवस मोबाइलमध्ये डोकं, कोणाकोणाला विचारणं. पहिली आली ती सुट्या प्लास्टिकच्या कड्यांची. त्या चिकटवायच्या होत्या, आणि चिकटवल्या की हलत नाहीत. ती गेली. दुसरी बटणासारखी टकटक बसणारी. फिरत होती, पण इतकी हलकी की लोंबतच नव्हती. बोटाने दाबली की तेवढी खाली, सोडली की वाटेल तशी. तिसरी कोणी घरी मशीनवर छापून पाठवली होती. दिसायला सगळ्यांत सुरेख, खिळ्याखिळ्याची खूण होती तिच्यावर. ओवताना तिच्या सळया तुटायच्या. कट् असा आवाज यायचा आणि अशोकचा चेहरा असा व्हायचा की मी चूल सोडून तिथं जाऊन उभी राहायची.

एका दुपारी त्याने तिन्ही माझ्यापुढं ठेवल्या. "तू सांग," म्हणाला. चौथी होती, धातूची, एक एक कडी तारेने ओवायची, प्रत्येक कडीचं भोक सुईने मोकळं करायचं. फार किचकट. मागवू का नको?

मी चौथी शिकलेली. रणगाड्यातलं मला काय कळतं. पण पोत ओवायचं कळतं. मी म्हटलं, "खोटी पोत गळ्यावर बसत नाई, तरंगते. सोन्याची आपल्या वजनानं बसते. तुले लोंबाची आहे तं जड घे."

त्याने जड घेतली. म्हणजे मी निवडली.

ती आली तेव्हा त्याने एकदाच सांगितलं, "आई, हे शिशासारखं आहे. याले आग नाई दाखवायची." मी ऐकलं. हो म्हटलं.

फिरणारीच चेन का पाहिजे, हे त्याने वनिताला सांगितलं होतं आणि वनिताने मला. त्याला त्या सकाळची चेन मांडून पाहायची होती. किती लोंबत होती. पुढचं चाक थोडं मागंपुढं केलं की चेन सैल-घट्ट होते. त्याला चेन त्याच्या आठवणीतल्या जागेवर आणून पाहायचं होतं की ती उतरण्याइतकी ढिली होती का. चिकटवलेली चेन एकच गोष्ट सांगते. हलणारी खरं सांगेल, असं त्याला वाटत होतं. वीतभर खेळण्याला तो विचारणार होता की बिमलला मी मारलं का.

वनिता म्हणाली, "आई, चेन ढिली निघाली तं?"

त्या दिवसापासून मी त्याच्या खोलीतलं ब्लेड, तार, थिनरची बाटली, काय कुठं आहे ते बघून ठेवू लागले.

मग ऐन कापणीत आभाळ आलं. तीन दिवस पाऊस. कापलेला कडपा बांधीत भिजला, लोंब्यांना कोंब फुटायला लागले. अंगणात, ओसरीत, बाजेखाली, जिथं जागा तिथं ओलं धान. घरभर आंबलेला वास. काहीच सुकत नव्हतं, ना कपडे, ना लाकडं, ना माणसं. चौथ्या दिवशी थोडी उघाड पडली. अशोक मूलला सुया आणायला गेला, वनिता अंगणवाडीत. जाताना तो एका बाजूच्या कड्या साबणाच्या पाण्यात टाकून गेला होता, तेलकटपणा निघावा म्हणून. दुपारी मी पाहिलं, पाण्यात पडूनच होत्या. मी काढल्या, धुतल्या, फडक्यावर ठेवल्या. सुकेनात. गंज चढेल असं मला वाटलं. माझी चांदीची जोडवी मी चिंचेने घासून कोमट तव्यावरच सुकवते, आजवर काही झालं नाही. निखारे विझत आले होते. तवा ठेवला, कड्या पसरल्या. मंद आहे, काही होत नाही, म्हटलं.

तेवढ्यात सर आली. अंगणात भारे उघडे. मी ताडपत्री ओढायला पळाले. चुलीत सकाळचं एक ओलं लाकूड नुसतं धुमसत होतं, ते नेमकं याच वेळी पेटलं.

अशोक गेला तेव्हा वनिता नुकतीच येऊन पाय धूत होती. मी तिला म्हटलं, "टॉर्च घे." मी तवा घेतला. वाघाच्या रानात जाताना डबा, थाळी, जे हाती लागेल ते वाजवत जातात. मला तवाच दिसला. त्यातलं पाणी तोवर गोठून वेडीवाकडी चकती झाली होती. चिमट्याने तवा बडवत मी बोडीच्या पाळीवरून निघाले. वय माझं तेव्हा सत्तरला आलेलं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर चिखल, पाय घसरत होता. वनिता रडत होती आणि टॉर्च हलत होती. मी तिला शिवी दिली. रडणाऱ्याच्या हातातला उजेड काही कामाचा नसतो.

किसनभाऊ ओट्यावरून ओरडला, "कुठी चाल्ली म्हातारे? वाघाले जेवाले बलवतं काय?"

"तू ये न मंग वाढाले!"

तो आला नाही. मी त्याला दोष देत नाही.

अशोक मोहाच्या झाडाखाली धुऱ्यावर बसला होता, जंगलाकडे तोंड करून. अजून थोडा उजेड होता. पलीकडचं उभं धान वाऱ्याने हलत होतं की आणखी कशाने, कळत नव्हतं. मी तवा वनिताच्या हाती दिला आणि त्याच्या बाजूला बसले. वनिता बडवत होती. म्हणून आम्ही दोघं ओरडून बोललो.

"घरी जा," तो म्हणाला.

"नाई जात. तू सांगतलं होतं का नाई मले, आग नाई दाखवायची म्हणून?"

"सांगतलं होतं."

"मी आयकलं होतं का नाई?"

"आई, जा न घरी."

"मी विसरली नाई. मले मालूम होतं. मले वाटलं, मंद आहे, एवढ्यानं काई होत नाई. अन् धान भिजून राह्यलं म्हणून सोडून पळाली. आता बोल. मले काय करतं? तू जाय घरी, मी बसतो इथी वाघापुढं. तसंच करतेत न चुकलं की?"

तो काहीतरी बोलला. तव्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.

"काय?"

"मीबी पाह्यली नाई!" तो ओरडला. "चेन! रोज सकाळी पाह्यची असते. त्या दिवशी पाह्यली नाई मी! बिमल्या चायचा मग घेऊन आला, चाय ठंडी हो रही म्हणे. मी म्हणलं, मंग पाहू!"

वनिताचा हात थांबला. धानात काहीतरी खसखसलं.

"वाजव," मी तिला म्हटलं. तिने वाजवला.

तुझा दोष नाही, असं मी त्याला म्हटलं नाही. असेलही. चेन घट्ट असूनही दगडावर उतरते, असं पुढं हार्वेस्टरवाल्याने सांगितलं. हे खरं असेल, तेही असेल. मला त्यातलं काय माहीत. मी एवढंच म्हटलं, "मले सांगून काय फायदा? माय त्याची मुलचेऱ्याले बसली आहे. तिले सांग. तोवर मराची सुट्टी नाई तुले."

तो लगेच उठला नाही. उजेड गेला, मच्छर चावत राहिले, माझे पाय मुंग्यांनी भरले. आणि मग तो उठला, मला काखेत धरून उठवलं, आणि वनिताच्या हातातला तवा घेऊन स्वतः बडवत पुढं चालला. घरी आल्यावर त्याने तवा चुलीपासून लांब ठेवला. "याच्यावर आता भाकर टाकू नको. शिसं आहे," म्हणाला. बस, एवढंच.

सकाळी किसनभाऊ पाहून आला. आमच्या पावलांवर वाघाची पावलं होती. म्हणजे तो आमच्या मागून त्या धुऱ्यावरून गेला. पोट भरलेलं असेल. तव्याला घाबरला असं मी म्हणणार नाही.

एका बाजूच्या चौदा कड्या वाचल्या होत्या. दुसऱ्या बाजूच्या डब्यात होत्या, त्या सगळ्या नीट. पुन्हा मागवू, वनिता म्हणाली. अशोक नको म्हणाला. चांगली बाजू त्याने ओवून लावली. खरंच ती चेन आपल्या वजनाने वरच्या चाकांमध्ये लोंबली, बोट लावायची गरज पडली नाही. दुसरी बाजू उघडी ठेवली. उरलेल्या चौदा कड्यांचा तुकडा गाडीपुढं एका फळीवर आडवा मांडला, उतरलेली चेन मांडतात तसा. ढिली-घट्ट करून पाहायचं त्याने सोडून दिलं. पाहायचं होतं ते तो बोलून बसला होता.

धान विकून झाल्यावर, जे काही काळं पडलेलं उरलं होतं ते, आम्ही मायलेक मुलचेऱ्याला गेलो. बसमध्ये दोन माणसांच्या जागेत खोकं मांडीवर. बिमलच्या आईचं घर तळ्याकाठी, अंगण शेणाने सारवलेलं, केळीची झाडं. ती माझ्याहून लहान असेल, दिसत नव्हती. अशोकला पाहून म्हणाली, "आ गया? इतना साल लगा?"

त्याने गाडी तिच्यापुढं जमिनीवर ठेवली. तिने मुरमुरे आणले, चहा आणला. ती गाडीकडे पाहत राहिली. मग विचारलं, "मेरा बेटा किधर था?"

अशोकने वाटीतला मुरमुऱ्याचा एक दाणा उचलला आणि चौदा कड्यांच्या पुढं ठेवला. दाणा दोनदा पडला.

"चेन ढिली थी," तो म्हणाला. "मेरा काम था देखना. मैंने नहीं देखा, माशीमा."

तळ्यावर बदकं ओरडत होती. मला वाटलं ही आता शिव्या देईल, खोकं फेकून देईल. देऊ दे, असंही वाटलं. तिने हात पुढं केला, दाणा उचलला आणि गाडीच्या वरच्या झाकणावर ठेवला, तोफेच्या बाजूला, जिथं बिमल बसायचा. मग अशोकच्या कपाकडे बोट दाखवून म्हणाली, "चाय ठंडी हो रही है."

त्याने कप उचलला नाही. उचलता आला नाही. ती वाट पाहत बसली. मी माझा प्याले. गाडी आम्ही तिथंच ठेवून आलो, तिने परत दिली नाही, आम्ही मागितली नाही.

ती त्याला माफ म्हणाली नाही, आजवर नाही. वर्षातून एकदा तो जातो, तिच्या घराची कौलं फिरवून येतो. रात्री अजूनही उठून बसतो. गोळ्या चालू आहेत. हार्वेस्टरची चेन उतरली की लोक त्यालाच बोलावतात. तो जातो, पण आधी सगळ्यांना मशीनपुढून हाकलतो. समोर कोणी उभा दिसला तर पान्याला हात लावत नाही. आत्ता पलीकडच्या बांधीतलं मशीन थांबलं आहे आणि अशोकचं ओरडणं इथपर्यंत ऐकू येतं आहे, "हटा म्हणलं न समोरून! हट!" तवा शेतातल्या मचाणाला टांगला आहे, डुकरं हाकायला.

त्या गाडीत तीन माणसं होती. बिमल वारला. साहेब जिवंत आहेत. अशोक जिवंत आहे.